थंडीतली सायकल आणि कामाची वेळ : वाचकांचे प्रश्न

विदर्भाच्या उन्हाळ्याविषयी इतके लिहिले जाते की इथल्या थंडीची दखल घ्यायची राहूनच जाते. वास्तविक समुद्रापासून दूर असलेल्या या प्रदेशात आभाळ निरभ्र असले आणि उत्तरेचा कोरडा वारा सुटला, की दिवसभर तापलेली जमीन पहाटेपर्यंत आपली ऊब गमावून बसते. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते, आणि उघड्या शिवारात अशा पहाटे गावठाणापेक्षाही अधिक गारठा असतो. या वेळेला सायकलने कामावर निघणाऱ्या वाचकांची पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. काहींनी नाव न छापण्याची विनंती केली आहे, म्हणून कोणाचेच नाव दिलेले नाही.

प्रश्न : मी जिनिंग कारखान्यात कामाला आहे. पाळी सात वाजता सुरू होते, त्यामुळे अंधारातच घर सोडावे लागते. अंगणात उभा असतो तोवर थंडी सोसते, पण सायकल डांबरी रस्त्याला लागली की दोन्ही हात बधिर होतात. मागच्या आठवड्यात एक गाय आडवी आली तेव्हा ब्रेक वेळेवर दाबताच आला नाही. स्वेटरवर रेनकोट घातला तर छाती गरम राहते, पण पोचेपर्यंत आतले कपडे ओले होतात आणि मग खरी हुडहुडी भरते. काय घालावे? (हिंगणघाट तालुका, जि. वर्धा)

उत्तर : वारा आणि घाम ही दोन्ही कारणे तुमच्या पत्रातच आली आहेत. हवा स्थिर असते तेव्हा अंगाच्या उबेने त्वचेलगत कोमट हवेचा एक पातळ थर तयार होतो आणि तोच आपल्याला सांभाळतो. सायकल ताशी १५ किलोमीटरने धावू लागली की वारा पूर्ण पडलेला असला तरी तेवढ्याच वेगाची हवा समोरून अंगावर येते आणि तो थर टिकू देत नाही. या परिणामाचे पद्धतशीर मोजमाप प्रथम पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या अमेरिकी संशोधकांनी अंटार्क्टिकावर केले. प्लॅस्टिकच्या नळकांड्यातले पाणी वेगवेगळ्या वाऱ्यात गोठायला किती वेळ घेते हे पाहून काढलेले त्यांचे निष्कर्ष १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिका आणि कॅनडा यांनी २००१ मध्ये स्वीकारलेल्या सुधारित सूत्राने हिशेब केला, तर ८ अंशांच्या पहाटे ताशी १५ ते २५ किलोमीटरचा वारा लागणाऱ्या उघड्या चेहऱ्याला ४-५ अंशांइतका गारठा जाणवतो. पारा मात्र ८ वरच असतो, आणि हवा शून्याच्या वर असेपर्यंत वारा कितीही सुटला तरी त्वचा गोठत नाही. तेव्हा बोटे गोठून निकामी होण्याची भीती मनातून काढून टाका आणि ब्रेक न लागण्याची भीती मात्र जरूर बाळगा, कारण तुमच्या रस्त्यावर तोच खरा धोका आहे.

सायकल चालवताना पाय काम करतात, हात नुसते धरून बसलेले असतात. शिवाय धड थंड पडू लागले की शरीर हातापायांचा रक्तपुरवठा आवळून आतल्या अवयवांकडे वळवते. त्यामुळे छाती आणि मान उघडी ठेवून नुसते जाड हातमोजे घालण्याने फारसे साधत नाही. गळ्याभोवती मफलर आणि कान झाकणारी टोपी घातली की बोटांतही फरक पडतो. घरी विणलेले लोकरीचे मोजे उबदार असले तरी त्यांच्या विणीतून वारा सरळ आत शिरतो, म्हणून त्यांच्यावर रेक्झिनचे किंवा पातळ चामड्याचे ढगळ मोजे चढवावेत. मोजे तंग असले तर रक्त खेळत नाही आणि बोटे उलट लवकर बधिर होतात. मोटारसायकलच्या हँडलवर बसवायची कापडी आवरणे मिळतात. ती सायकलच्या हँडलला थोडी शिवून-बांधून बसवता आली तर सर्वांत उत्तम, कारण त्यांच्या आत उघडी बोटेसुद्धा मोकळेपणी ब्रेकवर राहतात. काहीही वापरले तरी मोजे घालून ब्रेक शेवटपर्यंत दाबला जातो की नाही, हे निघण्यापूर्वी सायकल जागेवर उभी असताना पाहून घ्यावे.

आता घामाविषयी. रेनकोट वारा अडवतो, पण घामाची वाफही आत कोंडतो. त्याच्याखालचे सुती बनियन ती ओल पिऊन घेते आणि धरून ठेवते. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेत असल्याने सायकलवरून उतरल्याबरोबर तुम्हाला हुडहुडी भरते. अंगालगत खेळाडू घालतात तसला पातळ पॉलिस्टरचा टी-शर्ट, त्यावर लोकरी स्वेटर आणि त्यावर पुढून वारा अडवणारे पण पाठीला श्वास घेऊ देणारे काहीतरी, अशी रचना ठेवावी. या तिसऱ्या थरासाठी पैसे खर्च करण्याची गरज नाही. युरोपात डोंगरी शर्यतींतले सायकलपटू घाट चढून आल्यावर उतार लागण्यापूर्वी वर्तमानपत्राची घडी सदऱ्याच्या आत छातीवर सरकवत असत, आणि ती युक्ती आपल्याकडेही तितकीच चालते. वर्तमानपत्राची दुहेरी घडी गळ्यापासून बेंबीपर्यंत पोचेल अशी स्वेटरच्या आत धरावी आणि अंग तापले की काढून कॅरियरला लावावी. निघताना थोडी थंडी वाजत असेल तर कपडे बरोबर आहेत असे समजावे. जो दारातच ऊबदार असतो, तो दहा मिनिटांत घामाघूम होतो. एक कोरडे बनियन पिशवीत ठेवावे आणि कारखान्यात पोचल्यावर आधी ते बदलावे, चहा नंतर घ्यावा.

प्रश्न : मला सिकलसेल आहे (एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजार). वय २४, राईस मिलमध्ये हिशेबाचे काम करतो. गेल्या दोन्ही हिवाळ्यांत सायकलने कामावर गेल्यानंतर गुडघे आणि पाठ इतकी दुखली की दवाखान्यात भरती व्हावे लागले. घरचे म्हणतात नोकरी सोड. माझा धाकटा भाऊ सिकलसेलचा नुसता वाहक आहे, म्हणजे त्याच्या रक्तात दोष आहे पण आजार नाही; तोही सायकलनेच शाळेत जातो. आम्ही सायकल बंद करावी का? (देसाईगंज तालुका, जि. गडचिरोली)

उत्तर : तुमचे पत्र आम्ही डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेण्यासाठी छापत नाही. ते छापण्याचे कारण असे की गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरपासून मेळघाटापर्यंत असंख्य घरांत हाच प्रश्न आहे आणि थंडीचा त्याच्याशी असलेला संबंध पुष्कळांना कोणी समजावून सांगितलेला नसतो.

सिकलसेलमध्ये रक्तपेशीतील हिमोग्लोबिन प्राणवायू सोडून दिल्यावर एकमेकांना चिकटून कडक होते आणि गोल पेशी विळ्याच्या आकाराची बनते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांतून सहज सरकत नाहीत. थंडीने त्वचेच्या आणि हातापायांच्या वाहिन्या आकसतात, रक्ताचा वेग मंदावतो, पेशी अडकतात आणि पुढच्या हाडामांसाला रक्त न पोचल्याने ती असह्य कळ येते. हिवाळ्यात तहान कमी लागते, म्हणून पाणीही कमी प्यायले जाते आणि रक्त आणखी दाट होते. दमछाक करणारी चढाई, मग ओल्या कपड्यांवर लागणारा वारा आणि वर अपुरे पाणी, अशी तिन्ही कारणे पहाटेच्या सायकलप्रवासात एकत्र येतात. तुमचा त्रास कामावर पोचल्यानंतर सुरू होतो, ही गोष्ट या कारणमीमांसेशी जुळणारी आहे.

नोकरी सोडण्यापूर्वी वेळ बदलून मागा. हिशेबाचे काम दहाला सुरू झाले तरी मिलचे काही अडत नाही, आणि सूर्योदयाच्या आसपासचा सर्वांत थंड तास टळला की तुमचा निम्मा धोका टळतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील दिव्यांगत्वाच्या यादीत सिकलसेलचा समावेश आहे, हे मालकाशी बोलताना तुम्हाला माहीत असावे. प्रमाणपत्रासाठी शासकीय रुग्णालयात तपासणी करून घ्यावी. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले असून तपासणी आणि उपचारांची चौकशी प्राथमिक आरोग्य केंद्रातही करता येते. हायड्रॉक्सियुरिया किंवा अन्य गोळ्या सुरू असतील तर बरे वाटते म्हणून त्या स्वतःच्या मनाने थांबवू नयेत.

डॉक्टरांनी सायकलला परवानगी दिली तर निघण्यापूर्वी मोठा पेलाभर कोमट पाणी प्यावे, गुडघे आणि मनगटे लोकरीने झाकावीत, चढावर सरळ उतरून चालावे आणि अंग ओले झाले तर पोचताच कपडे बदलावेत. थांबून सोबत्यांची वाट पाहायची असल्यास वाऱ्याच्या आडोशाला थांबावे. ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, एकाएकी पांढरे फटक पडणे किंवा अंगाच्या एका बाजूला अशक्तपणा येणे यांपैकी काहीही झाले तर घरी शेकत बसू नये, तडक रुग्णालय गाठावे. तुमच्या वाहक भावाला सर्वसाधारणपणे असा त्रास होत नाही. त्याने पाणी पीत राहावे, जिवाच्या आकांताने शर्यत लावू नये आणि सायकलने खुशाल शाळेत जावे.

प्रश्न : संध्याकाळी हलकी चालणारी सायकल पहाटे जड लागते. चेनला खोबरेल तेल नियमित घालतो, तरी फरक नाही. हा मनाचा खेळ आहे का? (वरुड तालुका, जि. अमरावती)

उत्तर : नाही, सायकल खरोखरच जड चालते. भर दुपारी २८ अंशांत ४५ पौंड हवा भरलेली ट्यूब पहाटे ८ अंशांत सुमारे ४१ पौंडांवर येते. त्यात व्हॉल्व्हची नळी जुनी असेल तर आणखी उतरते. ८ अंशांची हवा २८ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ७ टक्के दाट असते, म्हणून समोरचा विरोधही वाढतो. त्याशिवाय चाकांच्या आणि पायडलच्या छर्‍यांमधले जुने ग्रीस घट्ट झालेले असते. मुख्य दोष मात्र खोबरेल तेलाचा आहे. ते २४ अंशांच्या आसपास थिजू लागते. बाटलीत त्याचा पांढरा गोळा झालेला तुम्ही रोज आंघोळीच्या वेळी पाहता. तसेच ते चेनच्या कड्यांतही होते आणि वर धूळ धरून ठेवते. चेन रॉकेलने पुसून कोरडी करावी, शिलाई मशीनचे तेल प्रत्येक कडीवर एकेक थेंब सोडावे आणि वरचे जास्तीचे तेल फडक्याने टिपून घ्यावे. हवा सकाळी निघतानाच तपासावी.

प्रश्न : मी शाळेत स्वयंपाकाचे काम करते. वैनगंगेच्या काठच्या रस्त्याने सायकलने जाते. जानेवारीत इतकी धुई असते की पुढचे काही दिसत नाही. धानाची पोती भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या मागच्या दिव्याशिवाय उभ्या असतात. थंडीसाठी डोक्यावरून काळी शाल घेते. सायकलला मागे लाल काच आहे, ती पुरेल ना? (पवनी तालुका, जि. भंडारा)

उत्तर : ताई, ती काच पुरणार नाही, आणि शाल आजच बदला. मागची लाल काच स्वतः उजेड देत नाही. वाहनाचा प्रकाश तिच्यापर्यंत पोचून परत फिरला तरच ती चमकते. धुक्यात तोच प्रकाश जाताना एकदा आणि येताना पुन्हा एकदा विखुरला जातो, त्यामुळे चालकाला ती दिसते तेव्हा तो अगदी जवळ आलेला असतो. बॅटरीवर चालणारा लाल दिवा आपला उजेड स्वतः पाठवतो, म्हणून त्याला पर्याय नाही. तो कॅरियरच्या मागच्या टोकाला, पदर किंवा पिशवी आड येणार नाही असा बसवावा. डायनॅमोचा दिवा सायकल थांबली की विझतो, हे लक्षात ठेवावे. पायडलला चमकणाऱ्या पट्ट्या असाव्यात, कारण त्यांची वरखाली होणारी हालचाल पाहून पुढे सायकल आहे हे मागच्याला चटकन कळते.

काळी शाल अंधारात माणसालाच नाहीसे करते. शिवाय तिचे टोक मागच्या चाकात किंवा चेनमध्ये जाऊन अपघात होतात. तिच्याऐवजी फिकट रंगाचा स्वेटर आणि कानटोपी घालावी; शाल हवीच असेल तर ती स्वेटरच्या आत छातीवर घडी करून घ्यावी. साडीवर चप्पल घालायची असली तरी अंगठा वेगळा असलेले लोकरी मोजे बाजारात मिळतात, ते पायांना पुष्कळ होतात. कानांवर इतके गुंडाळू नये की मागून येणारे वाहन ऐकूच येणार नाही.

असे धुके जमिनीवरच तयार होते. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री ओली जमीन थंडावते आणि तिच्यालगतची दमट हवा धुके होऊन साचते, म्हणून नदीकाठ, बोड्या (लहान तळी) आणि मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या परिसरात ते अधिक दाट असते. सूर्य उगवला की ते लगेच विरते असे नाही. उजाडल्यानंतर हवा हलू लागते तेव्हा काही वेळ ते उलट अधिक दाट होते. जानेवारीत आपल्याकडे सूर्योदय पावणेसातच्या पुढे जातो. शाळा सकाळची नसेल तर आठपर्यंत थांबावे, आणि सकाळची असेल तर दाट धुक्याच्या दिवशी उशिरा येण्याची मुभा मुख्याध्यापकांकडे लेखी मागावी. एवढी मागणी करण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. रस्त्यावर उभ्या ट्रॉल्यांची तक्रार ग्रामपंचायतीमार्फत पोलीस ठाण्यात द्यावी. तोवर पुढे काही दिसेनासे झाले की सायकलवरून उतरून, रस्त्याच्या कडेने चालत जावे.

प्रश्न : मी सेवानिवृत्त शिक्षक आहे. माझी मुलगी फिनलंडमधील औलू येथे शिकते आणि तेथेच अर्धवेळ काम करते. उणे २० अंशांतही ती सायकलने कामावर जाते असे सांगते. आम्हाला इथे झोप लागत नाही. हे शक्य तरी आहे का? तिच्या आईने तोंडाला लावायला तेल पाठवले आहे. (आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : सर, हे शक्य आहे आणि औलूमध्ये तर नित्याचे आहे. हिवाळी सायकलप्रवासाविषयीची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ मध्ये याच शहरात भरली होती. तेथील शाळकरी मुलेही बर्फातून सायकलने शाळेत जातात, कारण सायकलींसाठी स्वतंत्र मार्गांचे मोठे जाळे आहे, मोठे रस्ते खालून ओलांडण्याची सोय आहे आणि मार्गांवरचे बर्फ नेमाने बाजूला केले जाते. मुलगी अंधारात ट्रॉल्यांमधून वाट काढत नाही, हे आपण आधी मनाला सांगावे. रस्त्याच्या दृष्टीने पाहिले तर तिचा प्रवास वरच्या पत्रातील ताईंच्या प्रवासापेक्षा सुरक्षित आहे.

थंडी मात्र खरी आहे. उणे २० अंशांत ताशी २० किलोमीटरचा वारा उघड्या त्वचेला उणे ३० अंशांसारखा लागतो, आणि अशा वेळी झाकले नसेल तर नाक, गाल व कानांच्या पाळ्या १० ते ३० मिनिटांत गोठू शकतात. त्वचा पांढरट, मेणचट आणि बधिर झाली तर ती चोळू नये, बर्फ तर मुळीच लावू नये. आत जाऊन ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्याने ती पूर्ववत करावी आणि दवाखाना गाठावा. तेलाबद्दल आपल्या घरी थोडे स्पष्ट सांगावे लागेल. फिनलंडच्याच सैन्यातील तरुणांच्या पाहणीत तोंडाला मलम लावणाऱ्यांमध्ये हिमदंश कमी आढळला नाही, उलट अधिक आढळला. मलमाने चेहरा उबदार वाटतो आणि माणूस झाकून घेण्यात ढिलाई करतो. आईने पाठवलेले तेल तिने रात्री झोपताना लावावे आणि बाहेर पडताना लोकरीचे तोंडझाकण घ्यावे.

सायकलच्या बाबतीत तिला काही गोष्टी जरूर विचाराव्यात. टायर धातूचे बारीक खिळे बसवलेले आहेत का? उणे २० अंशांतले दाबलेले बर्फ तसे चांगले पकड देते. सर्वांत निसरडा दिवस शून्याच्या आसपासचा असतो, जेव्हा बर्फावर पाण्याचा थर येतो, आणि खिळ्यांचे टायर त्या दिवसासाठी असतात. सायकल ती उबदार खोलीत नेते का? नेत असेल तर त्यावरचे बर्फ वितळून ब्रेकच्या तारेत आणि कुलपात पाणी शिरते आणि बाहेर पडताच ते गोठते. म्हणून सायकल थंड छपरीतच राहू द्यावी, किंवा आत नेल्यास पूर्ण सुकवूनच बाहेर काढावी. फ्रीव्हीलमधले जाड ग्रीस आळले तर पायडल मारूनही चाक फिरत नाही. त्यासाठी तिथल्या दुकानातून थंडीचे पातळ ग्रीस भरून घ्यावे. दिव्याची आणि मोबाइलची बॅटरी थंडीत लवकर उतरते, ती आतल्या खिशात ठेवावी आणि गारठलेल्या अवस्थेत चार्ज करू नये. हे सर्व तिला आधीच माहीत असण्याची शक्यता आहे. तरीही विचारावे, तिची उत्तरे ऐकूनच आपल्याला झोप लागेल.

प्रश्न : थंडी पडली की माझ्या हातापायांची बोटे लाल होऊन सुजतात आणि रात्री भयंकर खाज सुटते. पहाटे सायकलने चौकीवर पोचल्याबरोबर शेकोटीवर हात धरतो, तरी कमी होत नाही. (चिखलदरा तालुका, जि. अमरावती)

उत्तर : शेकोटीमुळेच ते वाढत असावे. ओलसर थंडीने आकसलेल्या बारीक वाहिन्या एकदम तापल्या की त्यांतून द्रव बाहेर झिरपून सूज आणि खाज येते. त्यासाठी बर्फाची गरज नसते, चिखलदऱ्याची हिवाळी पहाट पुरते. बधिर बोटांना आच कळत नाही, म्हणून चटके बसतात तेही वेगळेच. पोचल्यावर हात काखेत धरून सावकाश ऊब आणावी, ओले मोजे बदलावेत आणि अंग पुरते सावरल्यावरच शेकोटीजवळ, तेही हातभर अंतरावर बसावे. रात्री खाजवू नये. जवसाचे तेल हलक्या हाताने लावले तरी चालेल, पण त्वचा फुटलेली असल्यास लावू नये. विडी आणि खर्रा दोन्हींमधील निकोटिनने वाहिन्या आणखी आकसतात, त्यामुळे यांपैकी काही घेत असाल तर निदान सायकलवर बसण्यापूर्वी आणि पोचल्यावर लगेच घेऊ नका. बोटे आधी पांढरी, मग निळी पडत असतील, फोड आले असतील किंवा दोन-तीन आठवड्यांत सूज उतरली नसेल, तर ग्रामीण रुग्णालयात दाखवा.